रात्री दोन वाजताचा अंगठा

तर झालं असं, की गेल्या महिन्यात एका रात्री मला जाग आली ती उजव्या पायाच्या अंगठ्यामुळे. घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं. झोपताना पाय अगदी ठणठणीत होता. आधी वाटलं मुंगळा चावला. दिवा लावून पाहिलं तर अंगठ्याच्या मुळाशी सांधा लालबुंद, टम्म फुगलेला, वरची कातडी ताणून चकचकीत झालेली. चादरीची कड लागली तरी कळ मस्तकात जात होती. बायको पाणी आणायला उठली, तर तिच्या पावलांनी पलंग हलतोय म्हणून मी तिच्यावर ओरडलो. (दुसऱ्या दिवशी माफी मागितली. मिळाली.)

पण खरं सांगायचं तर त्या रात्री मला दुखण्यापेक्षा जास्त भीती वाटली ती ओळखीची. हा अंगठा मी आधी पाहिला होता. अण्णांच्या पायाला.

१९९६ च्या मे महिन्यात आमच्या चुलतबहिणीचं लग्न झालं. अण्णा मुलीकडचे, त्यामुळे तीन दिवस नुसती धावपळ. ऊन मी म्हणत होतं, पाणी प्यायला फुरसत नव्हती, आणि वरात गेल्यावर दुसऱ्याच रात्री त्यांचा अंगठा सुजला. "लचकलाय," असं घरात सर्वानुमते ठरलं. आजीने मिठाच्या पुरचुंडीने शेकलं. शेजारच्या काकूंनी आंबेहळदीचा लेप दिला. कोणीतरी पाय चोळून देणारा माणूस आणला, त्याने हात लावताच अण्णांनी अशी आरोळी ठोकली की गल्ली जमा झाली. आठ दिवसांनी सूज उतरली. आजी म्हणाली शेकाने, काकू म्हणाल्या लेपाने, चोळणाऱ्याने तर पैसेही नेले.

इथेच सगळी गोम आहे. हे दुखणं आपलं आपण जातं. काही केलं नाही तरी आठ-पंधरा दिवसांत जातं. त्यामुळे शेवटचा उपाय ज्याचा, श्रेय त्याचं. अण्णांची "लचक" पुढे वर्षातून एकदा, मग तीनदा, मग दर दीड-दोन महिन्यांनी येऊ लागली. मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणायची, चार दिवस खायची, विसरायचं. २००९ मध्ये पायांवर सूज आली म्हणून रक्त तपासलं तेव्हा युरिक अ‍ॅसिड तर वाढलेलं होतंच, पण किडनीही निम्म्याच्या खाली आलेली. डॉक्टरांनी विचारलं, "हे अंगठ्याचं कधीपासून?" अण्णा म्हणाले, "तेरा वर्षं झाली असतील." डॉक्टर काही बोलले नाहीत, नुसतं पेन खाली ठेवलं.

त्यात युरिक अ‍ॅसिडचा दोष किती, बीपीचा किती आणि त्या गोळ्यांचा किती, हे कोणीच वाटून देऊ शकत नव्हतं. २०१५ मध्ये अण्णा गेले.

त्यामुळे माझा अंगठा उतरल्यावर मी या दुखण्याचा इतिहास वाचायला बसलो. मला एकच गोष्ट शोधायची होती. पहिली खूण आधी कोणाला दिसली होती का? दिसली असेल तर आमच्या घरापर्यंत ती का नाही पोहोचली?

उत्तर गमतीशीर आहे आणि थोडं लाज वाटायला लावणारंही. खूण अडीच हजार वर्षांपासून दिसते आहे.

ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या नावावर जी सूत्रं आहेत त्यांत हे दुखणं आहे. नाव पोडाग्रा, म्हणजे पाय सापळ्यात सापडणं. त्यात असं निरीक्षण आहे की बाईला मासिक पाळी बंद होईपर्यंत हा आजार होत नाही. हे आजही बऱ्याच अंशी खरं आहे, आणि कारणही आता माहीत आहे. स्त्रियांच्या शरीरातलं इस्ट्रोजेन मूत्रपिंडावाटे युरिक अ‍ॅसिड बाहेर टाकायला मदत करतं. पाळी गेली की ती मदत संपते. आमच्या आत्याला पासष्टाव्या वर्षी, बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी सुरू झाल्यानंतर, घोट्यात पहिला झटका आला तेव्हा "बायकांना कुठे असतं हे" असं घरातच म्हटलं गेलं होतं. त्या जातीच्या काही गोळ्यांनी युरिक अ‍ॅसिड वाढतं. आत्या हे वाचत असेलच, तर आत्या, तुझं बरोबर होतं.

आपल्याकडे चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वातशोणित, म्हणजेच वातरक्त, यावर एक पूर्ण अध्याय आहे. तिथे या आजाराची दुसरीही नावं दिली आहेत, त्यातलं एक 'आढ्यवात'. आढ्य म्हणजे श्रीमंत. बैठं आयुष्य, सुकुमार शरीर, घोड्या-उंटावर पाय लोंबते ठेवून केलेला प्रवास अशी कारणं सांगितली आहेत. सुश्रुताने म्हटलंय की हा आजार पायांत मूळ धरतो, कधी हातांत, आणि मग उंदराच्या विषासारखा अंगभर पसरतो. वातरक्त म्हणजे आजचं गाऊटच, असं मी म्हणणार नाही. त्या नावाखाली सांध्यांची आणि त्वचेची इतरही दुखणी येतात. पण मला आवडलं ते वेगळंच. चरक आजाराच्या लक्षणांआधी 'पूर्वरूप' सांगतो. घाम फार येणं किंवा न येणं, त्वचेवर काळसरपणा, स्पर्श न कळणं, सांधे ढिले वाटणं, आळस. यातलं किती आज टिकेल हा प्रश्न बाजूला ठेवू. पण आजार येण्याआधी काहीतरी दिसत असतं आणि ते शोधायचं असतं, ही दृष्टी तिथे आहे.

युरोपात तेराव्या शतकात याला 'थेंब' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून नाव पडलं, गट्टा. शरीरातला दूषित रस थेंबाथेंबाने सांध्यात झिरपतो अशी समजूत होती. त्यावरूनच पुढे इंग्रजी गाऊट. आणि गंमत म्हणजे कल्पना फार चुकीची नव्हती.

आता ज्या माणसाने माझी ती रात्र लिहून ठेवली आहे त्याच्याकडे येतो. थॉमस सिडनहॅम, लंडनचा डॉक्टर. १६८३ मध्ये त्याने गाऊटवर पुस्तक लिहिलं आणि तेव्हा तो स्वतः तीसहून जास्त वर्षं हे भोगत होता. त्याने लिहिलंय ते असं. माणूस ठणठणीत झोपतो, रात्री दोनच्या सुमारास अंगठ्याच्या दुखण्याने जागा होतो, थोडी थंडी वाजते, मग दुखणं चढत जातं, इतकं की पांघरुणाचं वजन सोसत नाही आणि खोलीत कोणी चाललं तरी त्याचा हादरा सहन होत नाही. हे वाचल्यावर मी बायकोला बोलावून दाखवलं. म्हटलं बघ, सव्वातीनशे वर्षांपूर्वीचा माणूसही बायकोवर ओरडला असणार. तिने विचारलं, "मग त्याने माफी मागितली का, ते लिहिलंय का?"

असो. म्हणजे १६८३ मध्ये खूण इतकी स्वच्छ लिहिलेली होती. मग लोकांनी ती ओळखली का? ओळखली, पण कौतुकाने! अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या बड्या लोकांत गाऊट हे घराणेदारपणाचं लक्षण मानलं जायचं. शिवाय गाऊट असला की दुसरे मोठे आजार जवळ येत नाहीत अशीही समजूत होती. १७९९ मध्ये जेम्स गिलरेने एक व्यंगचित्र काढलं. सुजलेल्या पायावर एक काळा राक्षस दात रोवून बसलाय. नुसता पाय आणि राक्षस, बाकी काही नाही. ते पाहिल्यावर कौतुक बिवतूक काही उरत नाही. आमच्याकडे "लचक" म्हणून हसण्यावारी नेलं, तिकडे "खानदानी" म्हणून मिरवलं. दोन्हीकडे निष्कर्ष एकच, काही करायचं नाही.

आणि यात नुकसान राजालाही चुकलं नाही. सम्राट पाचवा चार्ल्स. अर्धा युरोप आणि स्पेनची अमेरिकेतली वसाहत त्याच्या ताब्यात. तिशीच्या आत पहिला झटका, मांसाहार आणि बिअर दोन्ही सोडवेनात. १५५५ मध्ये ब्रुसेल्सच्या दरबारात त्याने सत्ता सोडण्याची घोषणा केली तेव्हा तो तरुण विल्यम ऑफ ऑरेंजच्या खांद्यावर रेलून उभा होता. १५५८ मध्ये तो गेला. त्याच्या एका बोटाचं टोक वेगळं जपून ठेवलेलं होतं, ते स्पेनमधल्या डॉक्टरांनी तपासलं आणि २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. हाड कुरतडलेलं आणि त्यात युरिक अ‍ॅसिडच्या क्षाराचे सुईसारखे स्फटिक. साडेचारशे वर्षांनंतरही सुया तशाच! त्याचा मुलगा दुसरा फिलिप, त्यालाही गाऊट होता. बापाचा अंगठा मुलाला, हे सम्राटांनाही चुकलेलं नाही.

या सुया पहिल्यांदा पाहिल्या त्या लेव्हेनहूकने, १६७९ मध्ये, स्वतः बनवलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली. गाऊटच्या गाठीतला खडूसारखा पदार्थ त्याने तपासला, तर पारदर्शक, दोन्ही टोकांना निमुळते कण दिसले. पण ते काय आहेत हे त्याला कळणं शक्य नव्हतं. १७७६ मध्ये शील या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने मुतखड्यातून युरिक अ‍ॅसिड वेगळं काढलं. १७९७ मध्ये वोलास्टनने दाखवलं की गाऊटच्या गाठीही त्याच्याच क्षाराच्या असतात. आणि १८४८ मध्ये आल्फ्रेड गॅरडने रुग्णांच्या रक्तात ते वाढलेलं दाखवलं.

गॅरडची एक युक्ती मला फार आवडली. दोऱ्याची तपासणी. रक्तातला पाण्यासारखा भाग एका उथळ काचेच्या बशीत घ्यायचा, त्यात थोडं अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड घालायचं आणि लिननचा एक धागा टाकून बशी शांत ठेवून द्यायची. युरिक अ‍ॅसिड जास्त असेल तर धाग्यावर स्फटिक जमतात. खडीसाखर करताना दोऱ्यावर साखर जमते ना, अगदी तसंच. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी एका धाग्याने जे कळत होतं, ते आमच्या घरात तेरा वर्षं कळलं नाही. आणि अण्णांच्या काळात तर साध्या लॅबमध्ये ही तपासणी होत होती. कोणी करायलाच सांगितली नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

शेवटचा पुरावा मिळाला १९६१ मध्ये. अमेरिकेत मॅकार्टी आणि हॉलंडर यांनी सुजलेल्या सांध्यातलं पाणी ध्रुवीकृत प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आणि स्फटिक ओळखले. १९६२ मध्ये मॅकार्टी आणि फायर्स यांनी तर हे स्फटिक स्वतःच्याच गुडघ्यात टोचून घेतले. काही तासांत गुडघा सुजला आणि असह्य दुखलं. म्हणजे दुखणं या सुयांमुळेच, हे सिद्ध. (हे वाचून माझी बायको म्हणाली, "पुरुषच असणार.")

मग औषधाची गोष्ट. गर्ट्रूड एलियन ही मुलगी पंधरा वर्षांची असताना तिचे आजोबा कॅन्सरने गेले, तेव्हा तिने ठरवलं की आपण औषधं शोधायची. पुढे तिने आणि हिचिंग्ज यांनी कॅन्सरच्या एका औषधाला मदत म्हणून अ‍ॅलोप्युरिनॉल अभ्यासलं. ते शरीरात युरिक अ‍ॅसिड तयार होणंच कमी करतं असं दिसलं, आणि १९६६ पासून ते गाऊटसाठी मिळू लागलं. १९८८ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. म्हणजे अण्णांचा पहिला अंगठा सुजला तेव्हा हे औषध तीस वर्षं जुनं होतं.

आता थोडं शास्त्र, कारण हे वाचणाऱ्यांत निम्मे आमच्याच रक्ताचे आहेत. आपल्या पेशी मरतात, नव्या होतात, त्यातून आणि खाण्यातून प्युरिन नावाचे पदार्थ निघतात आणि त्यांचा शेवट युरिक अ‍ॅसिडमध्ये होतो. बहुतेक सस्तन प्राण्यांत ते आणखी फोडणारं एक विकर असतं. माणसाच्या पूर्वजांनी ते लाखो वर्षांपूर्वी गमावलं. त्यामुळे आपल्याला ते मूत्रपिंडावाटेच बाहेर टाकावं लागतं. बहुतेकांत गडबड होते ती इथे. तयार होणं वाढण्यापेक्षा बाहेर पडणं कमी होतं. १०० मिलिलिटर रक्तात सुमारे ६.८ मिलिग्रॅमच्या वर गेलं की ते विरघळून राहू शकत नाही, आणि शरीराच्या थंड भागात आधी सुया होतात. पायाचा अंगठा हृदयापासून सगळ्यात लांब आणि थंड. सिडनहॅमला जे कळलं नाही ते हे.

आणि म्हणूनच एक गोष्ट नीट समजून घ्या. वाढलेलं युरिक अ‍ॅसिड स्वतः काहीच दुखवत नाही. अंग मोडून येणं, टाच दुखणं, थकवा, हे सगळं त्याच्या नावावर खपवलं जातं, पण ते गप्प असतं. ज्यांचं वाढलेलं असतं त्यांतल्या बऱ्याच जणांना गाऊट कधी होतही नाही. त्यामुळे नुसता आकडा पाहून स्वतःच गोळी सुरू करू नका. खरी पहिली खूण म्हणजे एकच सांधा, अचानक, बहुधा रात्री किंवा पहाटे, चोवीस तासांत पराकोटीला जाणारं दुखणं, लाली, ऊब. बहुतेक वेळा अंगठा, पण पाऊल, घोटा, गुडघाही. मार लागल्याचं आठवत नाही आणि आठ-पंधरा दिवसांत आपोआप साफ बरं. दुसरी खूण मुतखडा. तिसरी, उशिराची, म्हणजे कानाच्या पाळीवर, कोपरावर, बोटांवर टणक पांढुरक्या गाठी. आणि ताप येऊन सांधा गरम झाला असेल तर वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सांध्यात जंतूंचा संसर्ग झाला तरी असंच दिसतं, आणि त्यात दिवस घालवणं परवडत नाही.

आणखी एक फसवी गोष्ट. ऐन झटक्यात रक्त तपासलं तर युरिक अ‍ॅसिड नॉर्मल येऊ शकतं. माझंही ६.४ आलं. मी हुश्श केलं, घरी पेढे मागवायच्या बेतात होतो. डॉक्टर म्हणाल्या, "थांबा, तीन आठवड्यांनी पुन्हा करू." तीन आठवड्यांनी ८.९.

खाण्याचं म्हणाल तर आमच्याकडे अण्णांची डाळ आणि उसळ सगळ्यात आधी बंद झाली होती. बिचारे मटकीकडे बघत बसायचे. २००४ मध्ये अमेरिकेत ४७ हजारांवर पुरुषांचा बारा वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात मांस आणि मासे-कोळंबीने धोका वाढलेला दिसला, भाज्या-कडधान्यांतल्या प्युरिनने नाही. दूध-दह्याने तर कमी झालेला दिसला. दारूत बिअर सगळ्यात वाईट. २००८ मधल्या अभ्यासात साखर घातलेली कोल्ड्रिंक्सही त्याच रांगेत बसली. म्हणजे अण्णांची मटकी उगाचच गेली, आणि पाहुणे आले की त्यांच्या हातात दिला जाणारा कोल्ड्रिंकचा ग्लास मात्र राहिला.

मी गोळी सुरू केली आहे. पहिल्या काही महिन्यांत युरिक अ‍ॅसिड उतरताना जुने स्फटिक सुटतात आणि उलट झटके येऊ शकतात, हे डॉक्टरांनी आधीच बजावलंय. बरेच लोक इथेच "औषधाने वाढलं" म्हणून सोडून देतात. आकडा ६ च्या खाली आणायचा आणि तिथेच ठेवायचा. दुखण्याच्या गोळ्या विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत. एवढंच.

परवा जुने अल्बम काढले होते. त्यात आजोबांचा एक फोटो आहे, ओसरीवर आरामखुर्चीत बसलेले, बंडी घातलेली, कोपर हातावर टेकलेलं. आम्ही लहानपणी त्यांच्या त्या कोपराला हात लावून हसायचो. तिथे लिंबाएवढी गाठ होती. एकदा ती फुटून चुन्यासारखं काहीतरी पांढरं बाहेर आलं होतं, आणि आजी म्हणाली होती, "आयुष्यभर पानाला चुना लावला, तोच बाहेर आला." आम्ही किती हसलो होतो.

फोटोत ती गाठ स्पष्ट दिसते. बघायचं होतं त्याला साठ वर्षांपूर्वीच दिसली असती.

धाकट्या भावाला कालच फोन केला. म्हटलं, तपासून घे. तो म्हणाला, "मला कुठे काय होतंय? फक्त मागच्या दिवाळीत जरा पाय लचकला होता."

मी विचारलं, "रात्री?"

तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "उद्या जातो."